अक्कानं दिलेला मासा

अक्का तो मासा घेऊन आली, तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत बसले होते. देवळाली प्रवराहून संगमनेरला दोन एसट्या बदलून आली होती, मांडीवर लोणच्याची मोठी बरणी धरून. बरणीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला तिनं दाभणानं भोकं पाडली होती. आत पाणी हिंदकळत होतं आणि त्यात तो. मधल्या बोटाएवढा लांब, मखमलीसारखा काळा, आणि शेपूट मात्र पिकल्या मिरचीसारखं लालभडक.

"पावन्यांसाठी आनलाय," अक्का म्हणाली. पावनं म्हणजे माझे यजमान. "आमच्याकडं एकटा पडलाय बिचारा. इथं संगत मिळंल."

मी हातातलं काम खाली ठेवून बरणी उजेडात धरली. मासा देखणा होता यात शंकाच नाही. तरी मी विचारलं, "भांडत तर नाही ना? आमचे मासे फार शांत आहेत."

"छ्या! लई गरीब हाय. कुनाच्या अध्यात न्हाई का मध्यात न्हाई."

हे वाक्य मला शब्द न् शब्द आठवतं. पुढं कितीतरी वेळा मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. म्हणताना तिचा चेहरा कसा होता तेही आठवायचा प्रयत्न केला. चेहरा नेहमीसारखाच होता. ती पदरानं बरणीचं बाहेरचं पाणी पुसत होती.

आमच्याकडं टाकी आली ती यांच्या आजारपणामुळं. हे एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं गाडीत उभं राहून बोलण्यात गेली. घरी आले तरी आवाज खाली येत नसे, शेजारी म्हणायचे की तुमच्या घरी कोण आलंय ते आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात कळतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. सगळं नाही गेलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या सवयीचे काही शब्द अशा माणसाकडं उरतात, आपोआप येतात. यांच्याकडं 'हो' आणि 'नाही' उरलं होतं, पण दोन्हींची अदलाबदल व्हायची. 'पाणी' उरलं होतं. आणि एक वाक्य पूर्ण उरलं होतं, "पुढं सरका." चहा हवा असला तरी पुढं सरका, पंखा बंद करायचा असला तरी पुढं सरका. पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. हेही हसले. मग हसू आलं नाही.

त्या वेळी अक्का आमच्याकडं महिनाभर राहिली होती. ती माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं माझी वेणीफणी, शाळा, लग्नातली बस्त्याची खरेदी, सगळं तिनंच पाहिलेलं. यांना चमच्यानं पेज भरवणं, कूस बदलून पाठीला पावडर लावणं, यातलं काही करताना ती कचरली नाही. माझ्या माहेरात माणूस असं एकच होतं आणि ते अक्का होतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, यांच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा, नुसती भिंत नको. मग पुण्याहून लेकीनं तीन फुटी टाकी पाठवली. दोन सोनेरी गुरामी, एक पांढरा एंजल आणि सात झेब्रे. झेब्रे म्हणजे सुईएवढे पट्टेरी मासे, सदा घाईत. गुरामी मात्र सावकाश. त्यांच्या पोटाखाली दोन लांब धाग्यांसारखे पर असतात, त्यांनी ते सगळं चाचपून बघतात. दगड, झाड, एकमेकांना. मधूनच वर येऊन पाण्याबाहेरची हवा घोटभर घेतात. यांची खुर्ची टाकीसमोर, माझं शिलाई मशीन खिडकीशी. म्हणजे माझी पाठ टाकीकडं. हे दिवसभर मासे बघत आणि मी दिवसभर कापड. संध्याकाळी मी खाणं टाकायची तेव्हा हे डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवत, आणि मोठा गुरामी त्या बोटाशी येऊन थांबे. आजारपणानंतर यांच्या चेहऱ्यावर हसू मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या वेळी.

अशा टाकीत मी अक्काचा मासा सोडला.

पहिले आठ-दहा दिवस तो कोपऱ्यातल्या मातीच्या पालथ्या कुंडीत बसून राहिला. कुंडीचा काठ एका बाजूनं फुटलेला होता, त्यातून फक्त लाल शेपूट दिसायचं. मला त्याची दयाच आली. मी खाणं मुद्दाम कुंडीजवळ सोडायला लागले. फोनवर अक्काला सांगितलं, "अगं, फारच भित्रा आहे." ती म्हणाली, "मी म्हनलं न्हवतं का?"

मग हे काच वाजवायला लागले.

मी मशीनवर असायची आणि मागून टक-टक आवाज यायचा. वळून बघितलं की हे डाव्या हाताच्या बोटांनी काच ठोकतायत आणि म्हणतायत, "पुढं सरका! पुढं सरका!" टाकीत बघावं तर सगळं जागच्या जागी. काळा कुंडीत, गुरामी वरच्या बाजूला, झेब्रे धावतायत. आवाज झाला की काळा आत पळत असणार, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं खेळ चाललाय यांचा. दोन-चार दिवस मी "हो हो, सरकतात हं ते" म्हणत राहिले. मग एका दुपारी गिऱ्हाईक समोर बसलेलं, माप चाललेलं आणि यांनी इतक्या जोरानं काच बडवली की मी ओरडले, "अहो, काच वाजवू नका! मासे घाबरतात." त्यांनी माझ्याकडं बघितलं, बोटानं टाकी दाखवली, तोंड उघडलं. पुन्हा तेच वाक्य आलं. त्यांनाच त्याचा राग आलेला दिसला. मी उठले आणि त्यांची खुर्ची दोन हात मागं ओढली. हात काचेला पोचू नये म्हणून.

हे मी केलं. अक्कानं नाही, मी.

मोठ्या गुरामीचे पर फाटायला लागले तेव्हा मला वाटलं रोग आहे. पोटाखालचा एक धागा अर्धाच राहिला होता, शेपटीला कात्रीनं कातरल्यासारख्या चिरा. मी पाण्यात खडेमीठ टाकलं, थोडं पाणी बदललं. तो गुरामी आता फिल्टरच्या पाईपमागं उभा राहायचा, डोकं वर, शेपूट खाली, हलत नसे. खाणं टाकलं तरी येत नसे. एका सकाळी तो तळाशी आडवा पडलेला सापडला. एक डोळा नव्हता.

जाळीनं काढून मी तो वर्तमानपत्रावर ठेवला आणि हे रडायला लागले. आजारपणानंतर हे पुष्कळदा रडत, डॉक्टरांनी तेही सांगितलेलं होतं. पण हे रडणं तसलं नव्हतं. त्यांनी माझ्या साडीचा काठ धरला आणि टाकीकडं बोट केलं, कुंडीकडं, आणि म्हणाले, "काळा."

हा शब्द झटक्यानंतर मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला. आणि आनंदाच्या भरात मी काय केलं? "बोललात! काळा म्हणालात! आवडतो ना काळा?" असं म्हणत लेकीला फोन लावला.

त्या दुपारी मी माशांच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचा, बनियनवर बसणारा, बोलायला मोकळा. फाटके पर, फुटलेला डोळा, सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं, "नवीन काय सोडलंय टाकीत?"

मी वर्णन केलं.

"रेड टेल शार्क. नुसता नावाचा शार्क. बोटाएवढा वाढलाय म्हणता? मग हा रोग नाही, काकू. हा त्याचा हक्क आहे."

त्यानं मला समजावून सांगितलं ते असं. हा मासा नव्या टाकीत आला की आधी दबून राहतो. टाकीचे कोपरे, आडोसे, सगळं पाठ करतो. एकदा पाठ झालं की एक जागा आपली म्हणून धरतो, आणि दिवसेंदिवस तिची हद्द वाढवत नेतो. लहानपणी इतकं नसतं, वय वाढलं की वाढतं. हद्दीत आलेल्याला पळवतो. नदीत असता तर पळणारा दूर निघून गेला असता आणि भांडण तिथंच मिटलं असतं. तीन फुटांच्या काचेत पळणारा पळून जाणार कुठं? वळून पुन्हा त्याच हद्दीत येतो. "तो मारायला म्हणून मारत नाही," दुकानदार म्हणाला. "पण ज्याला सुटायला जागा नाही तो मरतो."

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर कापड झाकलं, यांची खुर्ची पुन्हा काचेजवळ घेतली आणि शेजारी स्टूल टाकून बसले. पहिला अर्धा तास काही झालं नाही. मग उरलेला गुरामी हवा घ्यायला वर निघाला आणि वाटेत कुंडीच्या वरून गेला. काळा बाहेर आला तो दिसलाच नाही, फक्त लाल रेघ दिसली. गुरामी आडवा झाला, पळाला, टाकीच्या दुसऱ्या टोकाला आपटला. काळा अर्ध्या वाटेवर थांबला, पाठीवरचा पर ताठ करून एक चक्कर मारली आणि परत कुंडीत गेला. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. एंजलला तो एका पांढऱ्या दगडापर्यंत येऊ देत होता, दगडाच्या पुढं नाही. झेब्र्यांच्या मागं लागतच नव्हता, ते त्याला सापडत नव्हते. दोन तासांत मला त्याची हद्द खडूनं आखून दाखवता आली असती. कुंडी, तिथून फिल्टरचा पाईप, तिथून पांढरा दगड. जवळजवळ दोन तृतीयांश टाकी.

आणि प्रत्येक वेळी काळा कुंडीतून डोकं बाहेर काढी तेव्हा शेजारून आवाज येई, "पुढं सरका." गुरामीला. दर वेळी गुरामीला. हाताशी असलेल्या एकुलत्या एका वाक्यानं हा माणूस तीन आठवडे त्या माशाला सावध करत होता, आणि मला सांगत होता, आणि मी त्याची खुर्ची मागं ओढली होती.

मी त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर घेतला. "तुम्ही सांगत होतात," मी म्हटलं. ते "नाही, नाही" म्हणाले. त्याचा अर्थ 'हो' होता.

दुकानदारानं एक उपाय सांगितला होता. काळ्याला दिवसभर बादलीत ठेवायचं, टाकीतलं सगळं सामान हलवायचं, कुंडी काढून टाकायची, मध्ये उंच झाडं लावायची म्हणजे एकमेकांवर नजर पडत नाही, आणि काळ्याला सगळ्यांत शेवटी सोडायचं. जागा अनोळखी झाली की हक्कही मोडतो. मी तसं केलं. पाच दिवस शांततेत गेले. सहाव्या दिवशी त्यानं एका झाडाच्या मुळाशी नवी जागा धरली आणि एंजलचा खालचा लांब पर निम्मा कुरतडला. पुढच्या दोन दिवसांत एंजल गेला.

आता एकच राहिलं होतं, मध्ये पडदा घालणं. मला वाटलं अक्काला विचारावं, तिच्याकडं जुन्या टाकीचं काही असेल. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं. उलट तिला वाईट वाटेल म्हणून एंजल गेल्याचं मी कळवलंही नव्हतं.

फोन तिच्या सुनेनं घेतला. "आई मळ्यात गेल्यात, मावशी. काय काम होतं?"

मी सांगितलं, काळा मासा त्रास देतोय, टाकीत घालायला काही जाळी आहे का.

"अहो, जाळी आहे ना! त्याच्यासाठीच केलेली. आईंनी ती माशाबरोबर दिली नाही का तुम्हाला?"

"त्याच्यासाठी म्हणजे?"

"म्हणजे… त्यानं आमचे चार मासे संपवले तेव्हा यांनी करून आणली होती. नंतर एकच राहिला तोही गेला. मी आईंना म्हटलं होतं, मावशींना जाळी द्या आणि नीट सांगा. त्या म्हणाल्या, सांगते."

ती बिचारी बोलत राहिली. माझ्या कानात पुढचं शिरलं नाही. आमच्याकडं एकटा पडलाय. एकटा का पडलाय हे मी विचारलं नव्हतं. तिनं जाळी आणली नव्हती, कारण जाळी बघितली असती तर मी विचारलं असतं.

रविवारी अक्का स्वतः आली. सुनेनं सांगितलं असणार. एका हातात काकवीची बाटली, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी. तिनं ती माझ्या मशीनवर ठेवली.

"जाळी आनलीय," ती म्हणाली. म्हणजे विषय संपला.

मी तिला पाणी दिलं. हे टाकीसमोर डाव्या हातानं पोहे खात होते.

"अक्का, तुला ठाऊक होतं."

"काय ते?"

"तो इतरांना मारतो ते. इथंच उभी राहून मी तुला विचारलं होतं."

ती पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तू घेतला असतास व्हय?"

"नसता घेतला."

"मंग? आमच्याकडं नात रोज रडायची, ह्या घरात मासंच नगं म्हनायची. गटारीत टाकवंना, जीव हाय शेवटी. कुठं न्यायचा मी त्याला?"

"माझ्याकडं आणायचास. पण खरं सांगून आणायचास. मी जाळी घातली असती, वेगळा ठेवला असता. तू मला फसवलंस, अक्का."

"येवढ्या माशापाई फसवलं म्हनतीस? मला?"

"हे दिवसभर त्या टाकीकडं बघतात. त्यांच्याकडं दुसरं काही नाही."

अक्का जरा पुढं वाकली. आवाज तिनं खाली आणला, पण फार नाही. "आगं, पावन्यांना कुठं काय कळतंय आता? मासं चार असलं काय आन दोन असलं काय."

हे चार हातांवर बसले होते. त्यांनी चमचा ताटलीत ठेवला. आपटला नाही, हळू ठेवला, कडेला, पोह्यांना लागणार नाही असा. मग त्यांनी मान वळवून अक्काकडं बघितलं. रागानं नाही. महिनाभर ज्या हातानं पेज भरवली त्या हाताकडं बघावं तसं बघितलं, आणि नजर पुन्हा टाकीकडं नेली.

मला तोपर्यंत माशाचा राग होता, खोटं बोलल्याचा राग होता. त्या एका वाक्यानं तो सगळा मागं पडला. ती महिनाभर यांचं सगळं करत होती तेव्हाही तिला हेच वाटत होतं का? मी सांगायची की आज असं म्हणाले, आज हसले, तेव्हा ती "व्हय का" म्हणायची ते माझी समजूत घालायला होतं का? तिनं ओझं आणून टाकायला आमचं घर निवडलं, कारण तिच्या लेखी इथं बघणारं कुणी नव्हतंच.

"अक्का, तू आता जा," मी म्हटलं.

"जेवल्याबिगर?"

"जा."

ती थोडा वेळ उभी राहिली. मी समजूत घालीन असं तिला वाटलं असावं, जन्मभर मीच घालत आले होते. मग तिनं पिशवी उचलली. जिना उतरताना तिचे गुडघे दुखतात म्हणून ती एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरते. तो आवाज मी शेवटपर्यंत ऐकला आणि दाराशी गेले नाही.

रागाच्या भरात जाळी परत पाठवावी असं मनात आलं. पण गुरामीला जाळी हवी होती. ती त्यांच्या लहान टाकीच्या मापाची, आमच्या टाकीत वर चार बोटं कमी पडत होती. मी खिडकीच्या प्लॅस्टिक जाळीची पट्टी कापून नायलॉनच्या दोऱ्यानं तिला जोडून शिवली, दुहेरी टाका घातला. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला गुरामी आणि झेब्रे. सुरुवातीला काळा जाळीवर धडका देत होता. मग त्यानं ती हद्द म्हणून मानली.

मी यांना विचारलं होतं, काळ्याला दुकानदाराकडं देऊन टाकू का. 'हो-नाही'चा भरवसा नाही म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली होती. ठेवायचा असेल तर हात वर, द्यायचा असेल तर हात मांडीवर. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि हात वर केला. का, ते सांगायला त्यांच्याकडं शब्द नव्हते आणि मी अंदाज बांधला नाही. पूर्वी फार बांधले होते.

अक्काशी बोलणं तुटलं नाही. सख्ख्या बहिणींचं तसं तुटत नाही. संक्रांतीला मी तिच्याकडं गेले, हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं आणि परतीची एसटी आहे म्हणून टेकले नाही. आठवड्याला तिचा फोन येतो. उसाची तोड, सुनेचं दुखणं, पाणी सुटलं की नाही, सगळं बोलते. मीही बोलते. तिनं माफी मागितली नाही. तिच्या मते मागण्यासारखं काही झालं नाही, आणि ते मला आता समजलंय.

गेल्या मंगळवारी यांनी कप माझ्यापुढं केला आणि म्हणाले, "गार झाला." दोन शब्द, जागच्या जागी, अर्थासकट. मी चहा पुन्हा गरम करून दिला. तासाभरानं अक्काचा फोन आला. शेवटी नेहमीसारखं तिनं विचारलं, "पावनं कसं हायेत?"

"बरे आहेत," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.